कोरडवाहू प्रदेशातील पर्यायी पिके : प्रयोगक्षेत्रापासून शेतकऱ्याच्या बांधापर्यंत

कोरडवाहू शेतीचे स्वरूप

भारतातील लागवडीखालील जमिनीपैकी सुमारे निम्म्या जमिनीला आजही कालव्याचे किंवा विहिरीचे पाणी मिळत नाही. तेथील पीक सर्वस्वी पावसावर अवलंबून असते. अशा शेतीला कोरडवाहू किंवा जिराईत शेती असे म्हणतात. राजस्थानचा वालुकामय भाग, सौराष्ट्र व कच्छ, दख्खनच्या पठारावरील सोलापूर, विजापूर, रायचूर आणि अनंतपूर हे जिल्हे ही या शेतीची ठळक उदाहरणे होत. देशातील ज्वारी, बाजरी, कडधान्ये आणि तेलबिया यांचा फार मोठा भाग कोरडवाहू जमिनीतूनच येतो.

बागायती शेतात एखादा नवा प्रयोग फसला, तर शेतकऱ्याचे नुकसान होते. परंतु पाणी असल्यामुळे त्याला त्याच वर्षी दुसरे पीक घेता येते. कोरडवाहू शेतकऱ्याला बहुधा वर्षातून एकच पेरणी साधता येते. ती वाया गेली म्हणजे घरातील धान्य, जनावरांचा चारा आणि पुढील वर्षाचे बी ही तिन्ही एकदम जातात. बैल विकावे लागतात आणि कर्ज वाढते. म्हणून अशा प्रदेशात ‘हे नवे पीक घ्या’ असे सांगणे ही मोठ्या जबाबदारीची गोष्ट आहे. शास्त्रज्ञांनी ही जबाबदारी गेल्या शंभर वर्षांत कशी पेलली, त्यांना यश कोठे आले व ते कोठे चुकले, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

पाण्याचा हिशेब

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडते. सोलापूर येथे वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटरांहून थोडा अधिक पाऊस पडतो. जोधपूर येथे सुमारे ३६० मिलिमीटर पडतो. हे आकडे पाहून पाणी पुष्कळ आहे असे वाटण्याचा संभव आहे. परंतु पिकाच्या दृष्टीने वर्षभरात एकूण पाऊस किती पडला यापेक्षा तो केव्हा पडला आणि जमिनीने त्यातील किती धरून ठेवला, याला अधिक महत्त्व असते.

या बाबतीत निरनिराळ्या जमिनींचा स्वभाव निरनिराळा असतो. दख्खनची भारी काळी जमीन एक मीटर खोल असेल, तर तिच्यात पिकाला उपयोगी पडेल असे साधारणतः १५० ते २०० मिलिमीटर पाणी साठते. पाऊस संपल्यावरही या साठ्यावर रब्बीचे पीक उभे राहू शकते. राजस्थानच्या रेताड जमिनीत हा साठा पुष्कळच कमी असतो. तेथील पिकाला पावसाच्या दिवसांतच आपला जीवनक्रम पुरा करावा लागतो. यावरून कोरडवाहू पिकांचे दोन मार्ग स्पष्ट होतात. खोल मुळे पाठवून जमिनीतील साठा गाठणे हा पहिला मार्ग होय. पाणी संपण्यापूर्वीच लवकर पक्व होणे हा दुसरा. करडई पहिल्या मार्गाने जाते. तिचे सोटमूळ दोन मीटरपर्यंत किंवा त्याहूनही खोल जाऊ शकते. बाजरी दुसऱ्या मार्गाने जाते. शिवाय बाजरीला एक विशेष सोय लाभलेली आहे. पावसाने ओढ दिल्यामुळे तिचे मुख्य ताट खुरटले, तरी मागाहून येणारे फुटवे पुढील पावसाचा लाभ घेऊन कणसे धरतात. अशा रीतीने सर्व भार एकाच ताटावर पडत नाही.

पहिले प्रयोग

कोरडवाहू शेतीच्या पद्धतशीर अभ्यासाचा आरंभ १९२३ मध्ये पुण्याजवळील मांजरी येथे झाला. त्यानंतर १९३३ ते १९३५ या काळात सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक या पाच ठिकाणी संशोधन केंद्रे उघडण्यात आली. एन. व्ही. कानिटकर यांनी या कामाचे निष्कर्ष १९४४ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. त्यांतून जी शेतीपद्धत तयार झाली, ती ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ या नावाने ओळखली गेली. शेताला समपातळीत बांध घालावेत, काही वर्षांतून एकदा खोल नांगरट करावी, शेणखत घालावे, कुळवाच्या पाळ्या वेळेवर द्याव्यात, बी विरळ पेरावे आणि कोळपणी करून जमिनीतील ओल राखावी, ही तिची मुख्य सूत्रे होती.

ही सूत्रे शास्त्राला धरून होती. तथापि शेतकऱ्यांमध्ये त्यांचा प्रसार अपेक्षेप्रमाणे झाला नाही. याचे कारण साध्या हिशेबात सापडते. त्या काळी अशा शेतात हेक्टरी २०० ते ४०० किलोग्रॅम धान्य होई. नव्या पद्धतीने त्यात १५ ते २० टक्के वाढ होत असे. मधला आकडा धरला, तर ही वाढ हेक्टरी ४५ ते ६० किलोग्रॅम, म्हणजे अर्ध्या क्विंटलच्या आसपास भरते. तेवढ्यासाठी बांधबंदिस्तीचा खर्च करणे आणि खोल नांगरटीसाठी बळकट बैलजोड्या लावणे सामान्य शेतकऱ्याला परवडणारे नव्हते. शेतकरी अडाणी किंवा हट्टी असल्यामुळे त्याने नवी पद्धत घेतली नाही, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. त्याने आपला हिशेब केला होता.

याच कालखंडातील एक उदाहरण याच्या अगदी उलट आहे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे मालदांडी या स्थानिक ज्वारीतून निवड करून ‘एम ३५-१’ हा रब्बी ज्वारीचा वाण १९३० नंतरच्या दशकात तयार करण्यात आला. मोत्यासारखा टपोरा दाणा, गोड भाकरी, जनावरांना रुचणारा भरपूर कडबा आणि आटत जाणाऱ्या ओलीवर तग धरण्याची शक्ती हे गुण त्यात एकत्र आले होते. महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश येथे तो झपाट्याने पसरला. त्यानंतर अधिक उत्पन्न देणारे कित्येक वाण निघाले, तरी मालदांडीची पेरणी आजही होते. धान्य आणि चारा या शेतकऱ्याच्या दोन्ही गरजा एकाच ताटाने भागवल्या, हेच या यशाचे रहस्य आहे.

बाजरीचा धडा

शास्त्र आणि शेतकरी यांच्या संबंधांवर सर्वांत अधिक प्रकाश बाजरीच्या इतिहासातून पडतो. बाजरीच्या कणसात स्त्रीकेसर अगोदर बाहेर येतात आणि परागकोश काही काळाने फुटतात. त्यामुळे एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर सहज पडतात. परिणामी जुन्या स्थानिक बाजरीच्या शेतात कोणतीही दोन झाडे तंतोतंत सारखी नसतात.

संकरित बियाणे तयार करावयाचे, तर स्वतःचे पराग नसलेली मातृझाडे लागतात. अशा झाडांना नरवंध्य झाडे म्हणतात. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी ‘टिफ्ट २३ ए’ हा नरवंध्य वाण तयार केला होता. त्याचा उपयोग करून लुधियाना येथे दिलबागसिंग अठवाल यांनी भारतातील बाजरीचा पहिला संकरित वाण तयार केला. तो ‘एच. बी. १’ या नावाने १९६५ मध्ये प्रसृत झाला. त्याचे उत्पन्न त्या वेळच्या प्रचलित वाणांच्या जवळजवळ दुप्पट होते. त्यापाठोपाठ त्याच मातृवाणापासून आणखी संकर निघाले. देशातील बाजरीचे उत्पादन १९७०-७१ मध्ये सुमारे ८० लाख टनांवर पोहोचले आणि कोरडवाहू शेतीचा प्रश्न सुटला, असे अनेकांना वाटू लागले.

परंतु १९७१ पासून निराळेच दृश्य दिसू लागले. शेतांमध्ये पाने पिवळी पडू लागली, सकाळच्या वेळी पानांच्या खालच्या बाजूस पांढरी बुरशी दिसू लागली आणि कणसांत दाण्यांऐवजी हिरव्या पानांचे झुबके आले. कणीस एखाद्या बैराग्याच्या जटांप्रमाणे दिसते, म्हणून महाराष्ट्रातील शेतकरी या रोगाला ‘गोसावी’ म्हणतात. ‘केवडा’ हेही त्याचेच नाव आहे. हा रोग नवा नव्हता. स्थानिक बाजरीतही तो तुरळक दिसत असे. परंतु तेथे प्रत्येक झाड वेगळे असल्यामुळे काही झाडे रोगाला बळी पडत आणि पुष्कळशी वाचत. संकरित बाजरीच्या लक्षावधी हेक्टरांत मात्र एकच मातृवाण होता आणि त्याच्यात या रोगाला विरोध करण्याची शक्ती नव्हती. एका शेतात शिरलेल्या बुरशीला पुढील शेताचे दार आपोआप उघडे सापडले. शिवाय रोगाचे बीजाणू जमिनीत टिकून राहतात, त्यामुळे पुढील वर्षाचे पीकही धोक्यात आले. १९७४-७५ मध्ये बाजरीचे उत्पादन सुमारे ३३ लाख टनांपर्यंत खाली आले. या घसरणीत अवर्षणाचा मोठा वाटा होता हे खरे. परंतु रोगाने शेतकऱ्याचा नव्या बियाण्यावरील विश्वास डळमळीत केला, हेही तितकेच खरे आहे.

या आपत्तीपासून संशोधक दोन गोष्टी शिकले. पहिली गोष्ट अशी की, एकाच मातृवाणावर सर्व भिस्त ठेवू नये. त्यानंतर निरनिराळ्या मातृवाणांचे संकर तयार करण्यात आले. ज्याचे बी शेतकऱ्याला घरी राखून पुन्हा पेरता येते अशा सुधारित वाणांकडेही लक्ष देण्यात आले. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने या कामात मोठा भाग घेतला. आफ्रिकेतील टोगो देशाच्या बाजरीतून तिने निवडलेला ‘आय. सी. टी. पी. ८२०३’ हा टपोऱ्या दाण्याचा वाण १९८८ मध्ये महाराष्ट्र व आंध्र प्रदेश यांसाठी प्रसृत झाला. त्याच वाणातून अधिक लोहयुक्त झाडे निवडून ‘धनशक्ती’ हा वाण तयार झाला आणि २०१२ मध्ये महाराष्ट्रात देण्यात आला.

दुसरी गोष्ट अशी की, वाण शेतात यशस्वी ठरला म्हणजे संशोधकाचे काम संपत नाही. हरियाणातील हिसार येथील कृषी विद्यापीठाने १९९० मध्ये ‘एच. एच. बी. ६७’ हा सुमारे ६५ दिवसांच्या आत तयार होणारा संकर दिला. अल्प पावसाच्या भागात तो लोकप्रिय झाला. पुढे त्याच्यावरही गोसावी रोगाची चिन्हे दिसू लागली. परंतु या वेळी शास्त्रज्ञ साथीची वाट पाहत बसले नाहीत. रोगप्रतिकारक गुणाशी निगडित असलेल्या आनुवंशिक खुणा रोपावस्थेतच ओळखून त्यांनी तो गुण जुन्या पितृवाणांत उतरवला. अशा रीतीने सुधारलेला संकर २००५ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आला. त्याचा कमी मुदतीचा गुण जसाच्या तसा राहिला, म्हणून शेतकऱ्याला आपली पेरणीची रीत बदलावी लागली नाही.

आज बाजरीखालील क्षेत्र १९७० च्या मानाने बरेच कमी, म्हणजे सुमारे ७० लाख हेक्टर आहे. तरीही उत्पादन एक कोटी टनांच्या आसपास असते. मधल्या पडझडीनंतरही संशोधन चालू राहिले, त्याचे हे फळ होय.

करडईचे काटे, गवारीचा भाव

पर्यायी पीक स्वीकारताना केवळ उत्पन्न पाहून चालत नाही, हे दाखवणारी आणखी दोन उदाहरणे आहेत.

करडई हे दख्खनच्या काळ्या जमिनीतील जुने तेलबियांचे पीक आहे. पूर्वी रब्बी ज्वारीच्या शेतात तिची काही तासे पेरत. शेताच्या कडेनेही ती पेरली जाई. तिच्या काट्यांमुळे जनावरे आत शिरत नसत. उत्तरा व हस्त नक्षत्रांच्या पावसाने जमिनीत मुरलेल्या ओलीवर ती वाढते आणि अवर्षणाच्या वर्षीही काही ना काही देऊन जाते. सोलापूर येथील केंद्राने तिचे ‘भीमा’सारखे सुधारित वाण दिले. असे असूनही तिच्याखालील क्षेत्र गेल्या काही दशकांत झपाट्याने घटले. इतर खाद्यतेले स्वस्त झाली, हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण काट्यांचे. जे काटे राखणीस उपयोगी पडत, तेच कापणीच्या वेळी मजुरांचे हात फोडत. पहाटे दवाने काटे नरम असतानाच कापणी उरकावी लागे. मजुरी वाढली तशी ही अडचण अधिक जाणवू लागली. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांचे वाण तयार केले आणि काही भागांत आता यंत्रानेही कापणी होते. परंतु शेतकऱ्याने एकदा सोडलेले पीक परत येण्यास फार वेळ लागतो.

गवारीची गोष्ट याहून निराळी आहे. महाराष्ट्रात गवार म्हटले की भाजीच्या शेंगा आठवतात. राजस्थानात मात्र ती मुख्यतः बियांसाठी पेरतात. तिचे मूळ खोल जाते, मुळावरील गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते आणि तिच्या बियांपासून डिंकासारखा चिकट पदार्थ निघतो. जगातील गवारीचा फार मोठा भाग भारतात, त्यातही राजस्थानात पिकतो. खडकांतून तेल व वायू काढण्याच्या उद्योगात या पदार्थाचा वापर वाढला, तेव्हा २०११-१२ मध्ये गवारीचे भाव अनेक पटींनी चढले. ज्या राज्यांत तिची परंपरा नव्हती, तेथेही शेतकऱ्यांनी ती पेरली. पुढे मागणी ओसरली आणि भाव कोसळले. यात पिकाचा दोष नव्हता. कमी पाण्यात येण्याचा त्याचा गुण कायम होता. परंतु ज्याचा भाव दूर देशातील एका उद्योगावर अवलंबून आहे, त्या पिकावर सगळे शेत लावणे म्हणजे पावसाच्या अनिश्चिततेत बाजाराची अनिश्चितता मिळवणे होय.

शेतकऱ्याच्या बांधावर

संशोधन शेतकऱ्यापर्यंत पोहोचवण्याच्या पद्धतीही काळाबरोबर बदलत गेल्या. १९५२ मध्ये सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि ग्रामसेवक गावोगाव जाऊ लागले. पुढे राष्ट्रीय प्रात्यक्षिकांद्वारे शास्त्रज्ञांनी शेतकऱ्यांच्याच जमिनीवर पिके काढून दाखवली. १९७० मध्ये कोरडवाहू शेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे पहिले कृषी विज्ञान केंद्र उघडले. आता अशी केंद्रे देशातील बहुतेक जिल्ह्यांत आहेत. वाळवंटी भागासाठी जोधपूर येथे १९५९ पासून स्वतंत्र संस्था काम करत आहे.

या सर्व प्रयत्नांत आरंभी एक समजूत होती. शास्त्रज्ञाने सांगावे आणि शेतकऱ्याने ऐकावे, असे तिचे स्वरूप होते. ती पुरेशी नाही, हे पश्चिम राजस्थानात स्पष्ट झाले. जो वाण प्रयोगक्षेत्रात पहिला येई, तो तेथील शेतकरी पुष्कळदा घेत नसत. १९९० नंतर संशोधकांनी निरनिराळ्या वाणांचे वाफे शेतकऱ्यांना दाखवून त्यांची पसंती विचारण्यास आरंभ केला. तेव्हा असे आढळले की, संशोधक जाड ताटाच्या मोठ्या कणसाकडे पाहत होते, तर शेतकरी बारीक ताटाच्या, पुष्कळ फुटव्यांच्या झाडाकडे पाहत होते. मोठ्या कणसाचे झाड चांगल्या वर्षी अधिक देते. फुटव्यांचे झाड वाईट वर्षीही थोडे धान्य आणि पुरेसा चारा देते. ज्या प्रदेशात दुष्काळात माणसाच्या अन्नाइतकीच जनावरांच्या चाऱ्याची चिंता असते, तेथे शेतकऱ्याची निवड समंजसपणाचीच होती. काही शेतकरी तर नवे बी आपल्या जुन्या बियात मिसळून पेरत. त्यामुळे दोन्हींचे गुण हाती येतील, असा त्यांचा विचार होता. पुढे स्थानिक बाजरीचाच आधार घेऊन अवर्षणात टिकणारे वाण तयार करण्याचे काम जोधपूर व पाटणचेरू येथील संशोधकांनी हाती घेतले.

पर्यायी पिकांचा आणखी एक उपयोग आता सर्वत्र मान्य झाला आहे. पाऊस वेळेवर आला नाही तर काय पेरावे, हे आधीच ठरवून ठेवण्यासाठी त्यांची गरज असते. जूनमध्ये पेरावयाचे पीक जुलै संपत आला असता पेरले, तर ते फुलोऱ्यात असतानाच पाणी तुटते. अशा वेळी सूर्यफूल, एरंडी, तूर किंवा हुलगा यांसारखी पिके जमिनीच्या खोलीनुसार निवडता येतात. हैदराबाद येथील केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने देशातील सहाशेहून अधिक जिल्ह्यांसाठी असे आपत्कालीन पीक आराखडे तयार केले आहेत. परंतु आराखडा कागदावर असून भागत नाही. पेरणीच्या त्या आठवड्यात सांगितलेल्या पिकाचे बी तालुक्याच्या गावी मिळाले, तरच त्याचा उपयोग आहे.

समारोप

वरील उदाहरणांवरून एक गोष्ट निश्चित होते. कोरडवाहू प्रदेशातील पिकाची खरी परीक्षा चांगल्या वर्षी होत नाही. ती वाईट वर्षी होते. नवे पीक सुचवणाऱ्याने पाच प्रश्नांची उत्तरे आधी दिली पाहिजेत : या जमिनीतील ओल त्याला पुरेल काय? त्यापासून चारा मिळेल काय? त्याचे बी दरवर्षी वेळेवर मिळेल काय? त्याच्यावर रोग पडला, तर दुसरा वाण तयार आहे काय? आणि माल बाजारात नेल्यावर घेणारा आहे काय? मालदांडी टिकली, कारण ती शेतकऱ्याच्या गरजांना पुरी पडली. ‘एच. बी. १’ चौथ्या प्रश्नाशी अडखळली. गवार पाचव्या प्रश्नाशी अडखळली.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. त्यामुळे बाजरी, ज्वारी, नाचणी यांकडे शहरातील लोकांचेही लक्ष गेले. हे लक्ष टिकले आणि मागणी वाढली, तर पाचव्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी मिळेल. उरलेल्या चार प्रश्नांची उत्तरे प्रयोगक्षेत्रातच, परंतु शेतकऱ्याला सोबत घेऊन शोधावी लागतील.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास

१. सरळ बाजूंचा एक डबा मोकळ्या जागी ठेवून दररोज सकाळी त्यातील पाण्याची उंची मिलिमीटरांत मोजा व तारखेसह नोंदवा. त्यावरून एक हेक्टर शेतावर किती लिटर पाणी पडले, ते काढा.

२. पाऊस संपल्यावर एका आठवड्याने शेतातील वरच्या थराची आणि अर्धा मीटर खोलीवरील मूठभर माती आणा. दोन्ही नमुन्यांचे वजन करून ते उन्हात पूर्ण वाळवा व पुन्हा वजन करा. कोणत्या मातीत ओल अधिक होती आणि का, याचा विचार करा.

३. आपल्या गावातील वयोवृद्ध शेतकऱ्यांना भेटून, पूर्वी पेरली जाणारी परंतु आता न दिसणारी तीन पिके कोणती, ते विचारा. प्रत्येक पीक मागे पडण्याचे कारण वरील पाच प्रश्नांपैकी कोणत्या प्रश्नात बसते, हे वर्गात चर्चा करून ठरवा.